गुलमर्गची टेंगळं आणि केतकीचा उजवा गुडघा

आधीच सांगून टाकते, हे मी मिरवायला लिहिते आहे. ज्यांना दुसऱ्याच्या लेकीचं कौतुक सोसत नाही त्यांनी इथेच पान उलटावं, माझं काही म्हणणं नाही. आमच्या इंदूरच्या मंडळात दर कोजागिरीला कोणी ना कोणी कुठून तरी फिरून आलेलं असतं आणि दुधाच्या आधी सगळ्यांना बसवून फोटो दाखवतं. मी वर्षानुवर्षं गुपचूप बघत आले, वाह वाह करत आले. आता माझी पाळी.

तर मी आणि माझी मुलगी केतकी गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करून आलो. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणी पहिला कोर्स केला होता, पडायचं कसं आणि उठायचं कसं तो. या हिवाळ्यात त्याच्या पुढचा. मी शाळेत खेळांची मॅडम आहे, पन्नाशी ओलांडली आहे, आणि तरुणपणी खो-खो खेळले आहे. साधंसुधं नाही, मध्य प्रदेशाच्या टीमकडून. हे मी कोणालाही ओळख झाल्या झाल्या सांगते, असं आमचे 'हे' म्हणतात. सांगणारच! मैदानावर गुडघे आम्ही फोडून घेतले, यांनी नाही.

केतकी माझ्याहून सरस निघाली. पळतीला उभी राहिली की साखळी अशी खेळायची, बसलेल्या गड्यांच्या मधून इकडून तिकडे, तिकडून इकडे, की पाठलाग करणारीला धाप लागायची आणि हिच्या वेणीची टोकंसुद्धा हाताला लागायची नाहीत. मग एका मॅचमध्ये खांबाला वळसा घालताना तिचा उजवा गुडघा फिरला. आतलं लिगामेंट तुटलं. तुकोगंजच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, उत्तम केलं. पुढे सगळे व्यायाम झाले, आणि शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, "बेटा, अब ये घुटना दूसरे वाले से भी पक्का है. जाओ, खेलो."

पण पोरगी मैदानाकडे फिरकेचना. भंवरकुआंला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला, सकाळी जायची, संध्याकाळी यायची. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी खाली ठेवायची आणि डावा त्याच्या शेजारी आणायची, म्हणजे उजवा गुडघा वाकवायलाच नको. गुडघा बरा झाला होता, भरोसा बरा झाला नव्हता. आणि रस्त्यात जो भेटेल तो विचारणार, "क्यों केतकी, अब नहीं खेलती क्या?" मला वाटलं, हिला अशा जागी न्यावं जिथे ती खो-खो खेळायची हेच कोणाला माहीत नाही. म्हणून बर्फ.

यांचा बर्फाला विरोध होता. हे बेटम्याच्या शाळेत शिकवतात, रोजचं अप-डाउन. म्हणाले, "बर्फात काय ठेवलंय? बेटम्याला चला, गव्हाच्या शेतातून फिरवून आणतो, घसरायची हौस असेल तर चिखल पण आहे." आम्ही ऐकलं नाही. तरी निघताना बॅगेत शेवेची पाकिटं यांनीच भरली, आणि जीरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरवायच्या आमच्या इंदुरी मसाल्याची, बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून दिली. नवरा मनाचा चांगला आहे.

चहात मीठ

प्रवासाचं काही सांगत नाही. विमान सगळीकडे सारखंच असतं. तंगमर्गच्या पुढे गाडी देवदारांच्या मधून वर चढायला लागली आणि केतकी खिडकीची काच पुसून पुसून बाहेर बघायला लागली, तिथून पुढचं सांगते.

आमची राहायची खोली लाकडी होती. मधे बुखारी, म्हणजे लाकडं घालून पेटवायची पत्र्याची शेगडी. तिच्याभोवती मोजे वाळत घालायचे आणि माणसांनीही वाळायचं. पहिल्याच संध्याकाळी मेसमध्ये गुलाबी चहा आला. रंग बघून मी खुश! आपल्याकडे गुलाबी दिसलं की गोड असणारच. मोठा घोट घेतला आणि तोंड बघण्यासारखं झालं. मीठ होतं त्यात. इंदूरची माणसं आम्ही, आमच्या डाळीत साखर पडते, आणि इथे चहात मीठ! स्वयंपाक करणारे गुलामभाई कोपऱ्यातून बघत होते. म्हणाले, "पहली बार सब ऐसे ही करते हैं. चौथे दिन ख़ुद माँगेंगी."

चौथ्या दिवशी खरंच मागितला. आणि बदल्यात त्यांच्या आमलेटवर मी जीरावन भुरभुरवलं. त्यांनी एक घास खाल्ला, विचार केला, आणि बरणी उचलून सरळ स्वयंपाकघरात नेली. दुसऱ्या दिवसापासून मेसच्या राजम्यावर, हाक नावाच्या त्यांच्या पालेभाजीवर, सगळ्यावर जीरावन. पंजाबी, बंगाली, मल्याळी, सगळे विचारायचे, ये क्या है. मी म्हणायचे, इंदूर है.

दोन बारीक रेघा

आमचे शिकवणारे इम्तियाज सर. तिशीतला उंच माणूस, बोलणं कमी आणि ओरडणं जास्त. मला आवडले, मी पण तशीच शिकवते.

या कोर्समध्ये दोन गोष्टी शिकायच्या होत्या आणि शेवटी दोन्हींची परीक्षा. पहिली कार्व्हिंग. ज्यांनी स्की बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाखालची लांब पट्टी मधे कंबरेत बारीक असते आणि तिच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते. साधा माणूस वळताना पट्टी आडवी घसरवतो, खर्रर्र आवाज होतो, बर्फ उडतो, बघणाऱ्याला वाटतं काय भारी चाललाय. कार्व्हिंगमध्ये घसरायचं नाही, कापायचं. गुडघे आणि कंबर वळणाच्या आत कलवायची, बाहेरच्या पायावर भार ठेवायचा, धारेवर उभं राहायचं आणि थांबायचं. पट्टी आपणहून गोल वळते. ही थांबायची गोष्टच अवघड. मला कुठे थांबता येतं?

केलं बरोबर की बर्फावर मागे दोनच बारीक रेघा उमटतात, सुरीने बर्फी कापावी तशा. पहिल्यांदा माझ्या रेघा बघितल्या तेव्हा मी त्यांचे फोटो काढून यांना पाठवले. यांनी उत्तर पाठवलं, "ये क्या है, सायकल?"

त्याच दिवशी मी एक पराक्रमही केला. वळण पुरं केलं की वेग कमी होतो, हे सरांनी शिकवलं होतं. मी अर्ध्यातच सोडलं आणि सुसाट सुटले. खाली आमच्याच कोर्समधले चंदीगडचे ग्रोव्हरजी पाठमोरे उभे होते, बायकोचा फोटो काढत. दोन्ही हात पुढे करून मी त्यांच्या पाठीवर आदळले, आणि आयुष्याची सवय, तोंडातून खणखणीत निघालं, "खो!"

ग्रोव्हरजी एकीकडे, मी दुसरीकडे, काठ्या तिसरीकडे. बर्फात पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "बहनजी, आपने कुछ कहा?" मग पडल्या पडल्याच मी त्यांना आख्खा खो-खो समजावून सांगितला. केतकी वरून बघत होती. इतकी हसली की तिला बसावं लागलं. दोन वर्षांत ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती, त्यामुळे ग्रोव्हरजींच्या कंबरेचं मला विशेष वाईट वाटलं नाही. पुढे ते दोघं आमच्याच टेबलावर जेवायला लागले.

पण त्या रेघांमुळेच एक गोष्ट उघडी पडली. उजवीकडे वळायचं तर भार डाव्या पायावर येतो, डावीकडे वळायचं तर उजव्यावर. केतकीची उजवीकडची वळणं इतकी देखणी, की सर दुसऱ्यांना बोलावून तिच्या रेघा दाखवायचे. आणि डावीकडच्या प्रत्येक वळणावर रेघा फिसकटलेल्या, पुसल्यासारख्या. तिथे ती उजव्या पायावर उभीच राहत नव्हती, घाईघाईने घसरवून वळण संपवून टाकायची. मोकळ्या रुंद उतारावर ते चालून जातं. सर मला एवढंच म्हणाले, "यहाँ छुपा लेगी. मोगल्स पे नहीं छुपेगा."

टेंगळं

मोगल्स म्हणजे टेंगळं. एकाच उतारावर माणसं रोज वळून वळून बर्फाचे ढिगारे करतात, रात्री ते गोठतात, आणि सगळा उतार डोक्यावर टेंगळं आल्यासारखा दिसतो. माणसांना खुर्चीत बसवून वर नेणाऱ्या लिफ्टच्या बाजूला असा एक पट्टा होता.

इथे कार्व्हिंगचं सगळं शहाणपण गुंडाळून ठेवायचं. तिथे पाय रुंद, इथे जवळ जवळ. तिथे लांबलचक वळण, इथे श्वास घ्यायच्या आत पुढचं. टेंगळावर चढताना गुडघे छातीकडे मुडपायचे, पलीकडे उतरताना पाय सोडायचे, म्हणजे खाली पाय शिवणयंत्रासारखे चालू आणि वर धड शांत. छाती सतत दरीकडे, काठी टेंगळावर टेकवायची, नजर पुढच्या दोन टेंगळांवर. आणि मुख्य म्हणजे डावं झालं की उजवं, उजवं झालं की डावं. टाळायची सोयच नाही.

मी वरून बघितलं आणि ओरडलेच, "अरे, ही तर साखळी! बसलेले गडी, आणि आपण मधून पळायचं. यात काय आहे?" सरांना म्हटलं, मला आधी जाऊ द्या. गेले. पहिली काही टेंगळं अशी काढली की वाटलं, इंदूरला परत गेल्यावर सत्कार नक्की. आणि मग सवयीने मान मागे वळवली. पळतीचा गडी मागे बघणारच, पाठलाग करणारी कुठवर आली ते कळायला नको? मान वळली, खांदे वळले, पट्ट्या एकमेकींवर चढल्या आणि मी पालथी. उठले, निघाले, परत मागे बघितलं, परत पालथी. तिसऱ्या वेळी सर वरून ओरडले, "मैडम! पीछे कौन है?"

"कोई नहीं, सर."

"तो आगे देखिए ना!"

मग केतकी निघाली. उजवं वळण सुंदर. डावं आलं आणि ती टेंगळाच्या मधल्या खळग्यात आडवी घसरत गेली आणि थांबली. पुन्हा उजवं, पुन्हा थांबली. आता माझ्यातली मॅडम जागी झाली. मी खालून, मैदानावर लागतो तो आवाज लावून ओरडले, "डावीकडे! डावीकडे वळ! बसलीस काय अशी? उठ! पायावर उभी राहा!"

आख्खा उतार थांबून बघायला लागला. केतकीने खाली वाकून दोन्ही स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि कडेकडेने पायी खाली आली. माझ्या समोरून सरळ पुढे निघून गेली.

संध्याकाळी बुखारीपाशी मोजे वाळवता वाळवता बोलली. "आई, तुला माझा गुडघा बरा व्हायला नको आहे. तुला तुझी प्लेयर परत पाहिजे. मतलब मी नाही खेळले तर तुझ्याकडे सांगायला काय राहणार?"

मला असं कोणी बोललेलं खपत नाही. तोंडावर आलं होतं की तुझ्यासाठी ताप असताना मैदानावर उभी राहिले आहे, आणि मला विचारतेस? पण तिचे डोळे भरलेले होते आणि हात मोज्यांवर उगाच फिरत होता. मी म्हटलं, "बरं. नको करूस टेंगळं. तुझा कोर्स, तुझा पाय." ती म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "खरंच." तिचं म्हणणं बरोबर होतं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

सकाळी सरांना जाऊन सांगितलं, ती फक्त कार्व्हिंगची परीक्षा देईल. सरांनी विचारलं, "ये उसने कहा या आपने?" मी म्हटलं, दोघींनी. एवढं बोलून मी वळले. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, संपलं. ही आता आयुष्यभर जिना तसाच उतरणार.

परीक्षेची सकाळ

त्या सकाळी ऊन असं पडलं होतं की काळ्या चष्म्यातूनही डोळे मिटत होते. कार्व्हिंगची परीक्षा आधी झाली. मी पास झाले, सरांनी "बहुत अच्छे" म्हटलं आणि मी ते दोनदा म्हणवून घेतलं. केतकीही पास झाली, डावीकडच्या रेघा तशाच फिसकटलेल्या. टेंगळांवर मी दोनदा पडून खाली आले. सर म्हणाले, अगले साल. ठीक आहे, अगले साल.

मग मी ग्रोव्हर पतिपत्नीबरोबर खालच्या चहाच्या टपरीवर बसले. बूट सैल केले, कहवा घेतला, त्यात मात्र साखर होती. मिसेस ग्रोव्हरनी विचारलं, "बेटी नहीं आई?" मी म्हटलं, खोलीवर गेली असेल, सामान बांधायचं आहे. ग्रोव्हरजींनी गुडघ्याची चौकशी केली. मी त्यांना सगळं सांगत होते, ऑपरेशन, क्लास, जिना, आणि हेही की आता मी हट्ट सोडला.

बोलता बोलता ग्रोव्हरजींनी टेंगळांच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "वो लड़की देखिए. बढ़िया आ रही है."

मी बघितलं. निळं जॅकेट, पण कोर्सची जॅकेटं सगळ्यांचीच निळी. हेल्मेट, चष्मा, चेहरा काही दिसत नव्हता. एवढंच दिसलं की कंबर खाली बसलेली आहे, धड अजिबात हलत नाही, आणि वळताना डावं कोपर जरासं छातीकडे येतं. ते कोपर! ती सवय मोडून काढायला मी किती ओरडले आहे त्या पोरीवर, सातवीत होती तेव्हापासून. साखळी खेळताना तिचं कोपर असंच आत यायचं. माझ्या हातातला कहवा कधी सांडला मला कळलं नाही.

उजवं काढलं. डावं आलं, काढलं. पुन्हा डावं आलं, उजवा पाय टेंगळावर मुडपला आणि ती कोसळली. त्याच बाजूला, उजव्या कुशीवर, एक स्की निघून खालच्या खळग्यात जाऊन अडकली. मी उभी राहिले. मनात एकच, देवा, तो पाय नको, दुसरं काहीही मोड पण तो पाय नको.

ती बसली. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला. थोडा वेळ तशीच होती. मग हळूच पाय लांब केला, परत दुमडला, परत लांब केला. मग सरकत सरकत खळग्यात गेली, स्की लावली आणि उभी राहिली. कडेने पायी यायची वाट तिच्या उजव्या हाताला मोकळी होती. तिने तिकडे बघितलं, मी बघितलं तिने बघितलेलं. आणि मग काठी टेकवून ती डावीकडे वळली, आख्खा भार त्याच पायावर देऊन.

त्यानंतर ती थांबलीच नाही. डावं, उजवं, डावं, उजवं, टेंगळाच्या कुशीतून अशी सळसळत आली की वाटेत थांबलेली माणसं बाजूला झाली. माझी पोरगी ती! माझी! शेजारी ग्रोव्हरजी टाळ्या वाजवत होते आणि विचारत होते, "बहनजी, आप रो क्यों रही हैं?" मी त्यांचा दंड धरून इतका हलवला की त्यांचा चहाही गेला. म्हटलं, "केतकी है वो! अपनी केतकी है!"

खाली इम्तियाज सर उभे होते, हातात परीक्षेचे कागद. ती त्यांच्यापाशी जाऊन थांबली, ते काहीतरी म्हणाले, तिने मान हलवली. मला वाटलं, आता ही टपरीकडे येणार. मी हात पसरूनच उभी होते म्हणा ना. तर ही वळली आणि सरळ लिफ्टच्या रांगेत!

ते बूट घालून पळता येत नाही, तरी मी पळाले. बुटांची सैल सोडलेली बकलं खडखडत होती. रांगेत घुसून तिच्यापाशी पोचले. तिने चष्मा वर केला. चेहरा लालबुंद, नाकाच्या शेंड्यावर बर्फ, एका गालावर खरचटलेलं. मला किती काय म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "गुडघा?"

"दुखतोय थोडा. पडले ना मी. दोन्ही दुखताहेत." तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, ती माझ्या खांद्यावरून वर उताराकडे बघत होती. "आई, मधली दोन डावी वळणं एकदम फालतू झाली यार. सर म्हणाले, पास आहेस, पण मला ती परत करायची आहेत."

मी तिला मिठी मारायला पुढे झाले, तेवढ्यात लिफ्टची खुर्ची फिरून आली.

"आई, हट ना! नंतर. मागे लोक आहेत."

मी हटले.